कुलूप घ्या, पण किल्ली खिशात ठेवा!

होस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच विषय रंगतात, मेसची भाजी आणि गाड्या. भाजीवर सगळ्यांचं एकमत असल्यामुळे तो विषय पाच मिनिटांत संपतो. गाड्यांचा मात्र पहाटेपर्यंत चालतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर असाच एक विषय तीन रात्री चालला. माल वाहणाऱ्या दणकट फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला डिफरन्शियल लॉक कोणता बसवावा? बहुमताचा निकाल असा, "पुढे-मागे दोन्हीकडे पक्का लॉक टाक, विषय संपला!"

मीही त्याच बाजूने हात वर केला होता. आज तो निकाल मला साफ चुकीचा वाटतो. म्हणून हा लेख.

प्रश्न हवेतला नव्हता. माझे मामा राधानगरी तालुक्यात दूध गोळा करायची पिकअप चालवतात. वाड्यावस्त्यांवरून ४० लिटरचे २५ कॅन, म्हणजे १००० लिटर दूध. कॅनच्या वजनासकट टनाच्या वर माल. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तीनेक किलोमीटर लाल चिखल, पुढे तीस किलोमीटर डांबर, त्यात घाटाची वळणं. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असूनही जुलैत दोनदा अडकली. ट्रॅक्टर बोलवेपर्यंत दूध फाटलं आणि त्या दिवसाचे पैसे गेले. मामांनी फोन केला, "अरं भाच्या, चार चाकं फिरत्यात म्हणून जादा पैसे मोजले. मग दोनच का फिरत्यात? तुमच्या कॉलेजात ह्येचं काय औषध शिकवत्यात का न्हाय?"

औषध शिकवतात. पण आधी रोग नीट समजून घेऊ.

व्हायवात आपण सगळे ठोकून देतो की ओपन डिफरन्शियल सगळा टॉर्क घसरणाऱ्या चाकाला देतं. हे चूक आहे. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. गोची अशी की, ज्या चाकाखाली पकड कमी ते जेवढा टॉर्क झेलू शकतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. आकडे घालून बघा. भरलेल्या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकावर ८०० किलो, म्हणजे साधारण ८००० न्यूटन भार धरा. एक चाक चिखलात, पकडीचा गुणांक ०.१. दुसरं घट्ट मुरमावर, गुणांक ०.६. चिखलातलं चाक ८०० न्यूटनला घसरतं, म्हणून मुरमावरच्या चाकालाही ८००च मिळतात. एकूण ओढ १६०० न्यूटन. आता लॉक लावा. चिखलातलं ८००, मुरमावरचं ४८००, एकूण ५६००. साडेतीनपट! गाडी तीच, इंजिन तेच, टायर तेच.

फोर-व्हील-ड्राइव्ह लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, पण प्रत्येक ॲक्सलमधलं डिफरन्शियल मोकळंच राहतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की चारही चाकांची गाडी जागच्या जागी उभी. मामांच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

साडेतीनपट ओढ म्हटल्यावर कोणीही म्हणेल, मग लॉक कायमचाच का नको? इथेच आमच्या मजल्याचा निकाल फसला. डिफरन्शियल हा गाडीचा कच्चा दुवा नाही, त्याला त्याचं काम आहे. १.५ मीटर ट्रॅक असलेली गाडी घाटात १८० अंशाचं वळण घेते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा १.५ गुणिले ३.१४, म्हणजे ४.७ मीटर जास्त धावतं. वळण मोठं असो की छोटं, हा फरक तेवढाच. पिकअपच्या टायरचा परीघ साधारण २.३ मीटर, म्हणजे बाहेरचं चाक दोन फेरे जास्त फिरायला हवं. दोन्ही चाकं बांधलेली असतील तर ते दोन फेरे टायर घासून, नाहीतर शाफ्टला पीळ देऊन वसूल होतात. चिखलात हा पीळ माती सोडवते. डांबरावर कोण सोडवणार?

पावसाळी घाटात त्याहून वाईट गोष्ट घडते. घसरणारं चाक बाजूलाही धरत नाही. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडीला जागेवर धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम घसरतात आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला सरकतो. पुढच्या ॲक्सलला लॉक असेल तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि गाडी सरळच जायचा हट्ट धरते. घाटात सरळ म्हणजे कुठे, ते सांगायला नको.

आता बाजारात काय काय मिळतं ते बघू.

पहिलं लिमिटेड स्लिप. क्लच प्लेटवालं रस्त्यावर सभ्य वागतं, पण प्लेटा झिजतात आणि तेल त्यांच्यासाठीचंच घालावं लागतं. गिअरवालं, उदाहरणार्थ टॉर्सेन, झिजत नाही. पण ते कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या टॉर्कच्या ठराविक पट दुसऱ्याला देतं. एक चाक हवेत लटकलं तर शून्याची कितीही पट शून्यच. हलका ब्रेक दाबून ते शून्य थोडं वाढवता येतं, पण ही युक्ती ड्रायव्हरला माहीत हवी.

दुसरं ऑटोमॅटिक लॉकर, डेट्रॉइट लॉकरच्या जातीचं. याला ना बटण ना वायर, दणकट म्हणावं तर हेच. सरळ जाताना दोन्ही चाकं बांधलेली. वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की ते त्याला सोडतं आणि सगळी ओढ आतल्या चाकावर येते. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला किंवा दाबला तर ओढ एका बाजूवरून दुसरीकडे उडी मारते. मी मामांना आधी हेच सुचवलं होतं! नंतर ओळखीतल्या एका जुन्या जीपमध्ये बसायचा योग आला, तिच्या मागच्या ॲक्सलला हेच होतं. ओल्या वळणावर चालवणाऱ्याने घाबरून पाय उचलला आणि गाडीने अशी काही कंबर हलवली की मी डॅशबोर्ड धरला तो घाट संपेपर्यंत सोडला नाही. त्या जीपमध्ये माणसं दोन होती आणि माल शून्य. मागे टनभर दूध असतं तर?

तिसरं, आपोआप लागणारं यांत्रिक लॉक. ईटनचं असं लॉक अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये वर्षानुवर्षं मिळतं, आणि आपल्याकडे २०२० च्या महिंद्रा थारमध्येही मागच्या ॲक्सलला यांत्रिक लॉक आलं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतं. साधारण ३० किलोमीटरच्या वर वेग गेला की लागतच नाही. डोकेबाज यंत्र आहे. पण ते लागायला आधी चाक घसरावं लागतं, आणि चिखलात घसरणारं चाक आपला खड्डा आपणच खणतं. ज्याला बटण लक्षात राहणार नाही त्याच्यासाठी हा मधला मार्ग.

चौथं, हवं तेव्हा लावायचं लॉक. हवेवर चालणारं ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचं, विजेवर चालणारं ईटनचं, किंवा फोर्स गुरखासारखं लिव्हर ओढून लावायचं. मोकळं असताना हे साधं ओपन डिफरन्शियल, लावलं की शंभर टक्के कुलूप. यात कॉम्प्रेसर, नळी, वायर अशी बिघडायची ठिकाणं जास्त, आणि किंमतही जास्त.

पाचवं स्पूल, म्हणजे डिफरन्शियलच काढून टाकायचं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी त्यावर चर्चाही नको.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपवाले काय मूर्ख आहेत का? तर बघा. रॅम पॉवर वॅगन २००५ मध्ये पुन्हा आली तेव्हापासून तिला पुढे-मागे दोन्हीकडे बटणावरचं लॉक आहे, कारण ती दगडधोंड्यांसाठीच विकली जाते. फोर्डने सुपर ड्यूटीचं ट्रेमर पॅकेज २०२० मध्ये काढलं, त्यात मागे बटणावरचं लॉक आणि पुढे लिमिटेड स्लिप. जनरल मोटर्सच्या हेवी-ड्युटी पिकअपला मागे ते आपोआप लागणारं. तिघांची गाडी रिकामीच तीन टनांच्या आसपास, तिघांचे इंजिनिअर हुशार, आणि उत्तरं तीन. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सला फक्त मागे बटणावरचं. मात्र एक गोष्ट बघून ठेवा. दोन्ही ॲक्सलला पूर्ण लॉक ज्यांनी दिलं, त्या रॅमने आणि आपल्या गुरखाने, ते सोडायची सोय चालवणाऱ्याच्या हातात दिली.

म्हणून माझं मत असं की लॉकर निवडताना 'सगळ्यात दणकट कोणता' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी तीन प्रश्न. गाडीचे जास्त किलोमीटर कुठे जातात? लॉक लावल्यावर पुढचा नाजूक भाग कोणता? आणि स्टिअरिंगवर कोण बसणार?

मामांच्या गाडीला लावून बघा. दहातले नऊ किलोमीटर डांबर, तेव्हा कायम बांधलेलं काहीही बाद. नाजूक भाग म्हणजे ॲक्सल शाफ्ट. ओपन असताना एका शाफ्टवर जास्तीत जास्त निम्मा टॉर्क येतो. लॉक असताना एक चाक दगडात अडकलं तर फर्स्ट गिअर आणि लो रेंजचा सगळा टॉर्क एकाच शाफ्टमधून जाऊ बघतो. पुढच्या ॲक्सलला वळणारे जॉइंटही असतात, ते आधी जातात. तेव्हा पुढे लॉक नको. आणि स्टिअरिंगवर मामा असतातच असं नाही, पगारी ड्रायव्हर दर वर्षी बदलतो. त्याला एकच वाक्य शिकवता येतं, "चिखल लागायच्या आधी थांबून बटण दाब, डांबर लागलं की सोड." उत्तर निघालं. मागे बटणावरचं लॉक, पुढे मोकळं. आणि त्याच्याही आधी चिखलाचे चांगले टायर, कारण दोन्ही चाकं चिखलात असतील तर लॉक लावूनही १६०० न्यूटनच मिळणार.

आमच्या बाहा टीमचे मित्र इथे खवळणार हे मला माहीत आहे. "आमच्या गाडीला डिफरन्शियलच नाही, तरी पळते की!" पळते, मान्य. ती दोनेकशे किलोची गाडी, आयुष्यभर मातीवर, एकटा ड्रायव्हर. तिथे तुमची निवड बरोबरच आहे. पण ती कॉपी-पेस्ट करून टनभर माल नेणाऱ्या पिकअपला लावणं म्हणजे मित्राचं सबमिशन रोल नंबर न बदलता देण्यासारखं.

हे सगळं मी मामांना अर्धा तास समजावलं. आकडे, आकृती, सगळं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजी ट्रॅक्टरवानी. चिखलात पेडल दाबायचं, वळायच्या आधी पाय उचलायचा. हे तर मला ठावं हुतं की रं."

मी गप्पच झालो. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं आणि ते लावून वळायचं नसतं, हे आपल्या मेकॅनिकलच्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या निम्म्या पोरांना शाळेपासून माहीत आहे. मग ते व्हायवात का सांगत नाहीत? कारण आपल्याला वाटतं की इंजिनिअरिंग पुस्तकात असतं, आणि गावाकडे असते ती नुसती सवय.

म्हणून विभागातल्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. लॅबमधलं डिफरन्शियलचं कट सेक्शन मॉडेल छान आहे, गेल्या वर्षी त्याला नवा रंगही दिला. पण ते हाताने फिरतं, त्याला चिखल लागत नाही. जुलैत एका दुपारी एक ट्रॅक्टर मैदानामागच्या चिखलात उभा करा. प्रत्येकाला एकदा लॉकशिवाय अडकू द्या, एकदा पेडल दाबून बाहेर येऊ द्या. ट्रॅक्टर कुठून आणायचा ही काळजी नको, आमच्याच मजल्यावर तिघांच्या घरी आहेत. डिझेलची वर्गणी आम्ही काढू. आणि परीक्षेत 'डिफरन्शियल लॉकची आकृती काढा' याच्या जोडीला 'हा लॉक कधी सोडाल?' असा एक प्रश्न घाला.

असो. मामांच्या गाडीला आधी टायर आले, दिवाळीनंतर लॉकही बसला. बटणाशेजारी त्यांनी ड्रायव्हरसाठी ऑइल पेंटने दोन शब्द लिहून ठेवलेत : 'डांबर – सोड.'

– टी.ई. मेकॅनिकल, होस्टेलचा एक रहिवासी