वाटा आधी मोजा, समाधान मग सांगा



परवा सुप्याच्या शिवेजवळ एका सप्ताहात बुवांचे कीर्तन झाले. देवाने ज्याला ज्या कुळी घातले तेथेच त्याने राहावे, वाट्यास आले त्यात आनंद मानावा, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, हा त्यांचा उपदेश. मंडळींनी माना डोलावल्या. बिदागी ठरविताना मात्र बुवांस वाट्यास आले त्यात आनंद झाला नाही. ती घासाघीस आम्ही आमच्या कानांनी ऐकली. असो.

समाधानाशी आमचा दावा नाही. पण मर्यादा देवाची म्हणावयाची तर तिच्यावर देवाची सही कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. अमक्याने चामडे कमवावे, तमक्याने नांगर धरावा, तिसऱ्याने पोथी वाचून दक्षिणा घ्यावी, ही हद्द निर्मिकाने आखली असती तर जन्मतःच पोराच्या कपाळी खूण दिसली असती. ती माणसाने आखली, आणि आखणाऱ्याने चांगला वाटा आपल्याकडे ठेविला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यास सत्यशोधक समाज काढला तो ह्याच मधल्या दलालास दूर करण्यासाठी. त्या हद्दीत आम्ही समाधान मानणार नाही, आमच्या पोरींनीही मानू नये.

परंतु निर्मिकाने घातलेली एक मर्यादा खरोखर आहे, ती पावसाची. सह्याद्री ढग अडवितो आणि आमचा पारनेर तालुका त्याच्या पर्जन्यछायेत पडतो. ही मर्यादा पोथीत शोधावी लागत नाही. उन्हाळ्यात विहिरीत डोकावले की दिसते. आता आमचीच गंमत पाहा. माणसाने घातलेली हद्द आम्ही सोयरिकीत, पंगतीत, मसणवट्यातसुद्धा जिवापाड पाळतो. निर्मिकाची हद्द एका रात्रीत मोडतो. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर मारला की आम्ही कर्ज काढून चारशे फूट मारतो. खालून ओढलेले पाणी त्याच्या विहिरीचे, हे आम्हांस ठाऊक असते. विहीर आटली की त्याच्या नशिबाला बोल लावून मोकळे. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, हे येथे सांगावयाचे होते. पण सप्ताहाच्या यजमानाच्याच मळ्यात तीन बोअर, तेव्हा बुवांस ते आठवले नाही.

कोणी म्हणेल, पाणी कोणी वाटून घेतले आहे काय? घेतले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावापासून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि घर कितीही मोठे असो, अडीच एकरांच्या वर नाही. उसाला नाही. आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्या भूमिहीनालाही हक्क! आम्ही शाळेत पोरांस भागाकार शिकवितो. भाजक चुकला की सारे उत्तर चुकते. आजवर पाण्याला एकरांनी भागत आले, साळुंख्यांनी तोंडांनी भागले. असा वाटा पदरात पडल्यावर कोणी समाधान सांगितले तर आम्ही मान डोलावू.

आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी सोडली आणि पडलेला पाऊस मोजून पिके ठरविली. राळेगणसिद्धी तर आमच्या तालुक्यातले. तेथे ओढे-नाले अडवून पाणी जिरविले. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी काय सांगितले होते? लष्कर व पोलिसांतील शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावे, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. आम्ही त्यांची तसबीर लाविली, ताल मात्र फुटलेलीच ठेविली.

१९९३ साली सरकारने कायदा केला होता, पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरांच्या आत वाटेल तशी विहीर घेऊ नये म्हणून. तो आपल्या गावी किती जणांनी पाळला, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

पुढल्या सालीही सप्ताह होईल, बुवाही येतील. त्यांच्या आसनामागे शाळेचा फळा आम्ही नेऊन ठेवू. एका बाजूस गावातील बोअर मालकवार लिहू, दुसऱ्या बाजूस प्रत्येक घरची तोंडे. बुवांनी तो वाचून दाखवावा आणि मग कीर्तनास उभे राहावे.