हाताचा हिशेब

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेले वडीलधारे माणूस रुग्णालयातून घरी परतले की कुटुंबाला हायसे वाटते. आरंभी फिजिओथेरपिस्ट रोज येतात, मग दिवसाआड. आणि सणासुदीच्या खरेदीचा हंगाम दुकानावर सुरू झाला की व्यायाम मागे पडतो. वस्तुतः मोलाचा काळ तोच. मेंदूच्या निकामी झालेल्या भागाचे काम उरलेला मेंदू काही अंशी शिकू शकतो. परंतु तो शिकतो पुनरावृत्तीने, आणि ही क्षमता पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते.

पुनरावृत्ती किती व्हावी? अमेरिका व कॅनडातील उपचारकेंद्रांत संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी केली आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. एका सत्रात दुर्बल हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी अवघ्या ३२ भरल्या. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र मेंदूत बदल घडण्यासाठी दिवसाला शेकडो हालचाली करून घेतल्या जात. ज्यांचे आयुष्य जमाखर्चात गेले, त्यांना ही तूट समजावून सांगण्याची गरज नाही.

डिजिटल साधनांचा खरा उपयोग ही तूट भरण्यासाठी आहे. अमेरिकेतील ११ केंद्रांतील १२४ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांनी घरीच संगणकावरील खेळांतून हाताचे व्यायाम केले. ७० मिनिटांची ३६ सत्रे, त्यांपैकी अर्ध्यांत थेरपिस्ट व्हिडिओवरून समोर. उरलेले केंद्रात जात राहिले. हाताची सुधारणा दोन्हीकडे सारखीच झाली. ज्या गावात तज्ज्ञ नाही, तेथील घरांसाठी ही मोठीच आशा होय.

परंतु यंत्र जितके महाग तितका गुण अधिक, हा आपला बाजारी समज येथे टिकत नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाताला व्यायाम देणाऱ्या रोबोने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताची कार्यक्षमता अधिक सुधारली नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १४१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली: काहींना ‘वी’ हा व्हिडिओ-खेळ दिला, काहींना पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. दोन्ही गट सारखेच सुधारले. पत्ते म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडेल, कारण सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले. पण येथे पणाला काहीच लावायचे नसते, कामाला लागतात ती केवळ बोटे.

मग सारे घरच्यांवर सोपवावे काय? भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हेच करून पाहिले गेले. कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांत फरक पडला नाही, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. याचा मला लागलेला अर्थ असा की, माया पुरत नाही. व्यायाम पाहणारा, चुकला तर थांबवणारा आणि पुढची पायरी देणारा जाणकार हवाच. फोनने तो घरात आणावा.

आपल्याकडे तर माया आडही येते. सून घास भरवते, नातू सदऱ्याची बटणे लावतो, आणि सेवेच्या भरात तो हात दिवसभर मांडीवर पडून राहतो. माळेचे मणी ओढणे, धान्य निवडणे, नाणी मोजून गल्ल्यात टाकणे ही कामे, थेरपिस्टला विचारून, त्याच हाताला द्यावीत. दुखऱ्या खांद्याला ओढून उठवू नये.

फोन स्टँडवर असा ठेवावा की खांदा, कोपर व बोटे एकाच वेळी दिसतील. आठवड्यातून दोन वेळा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, आणि रोजच्या हालचालींचा आकडा वहीत. उजवी बाजू गेलेल्यांपैकी अनेकांची वाचाही अडखळते, म्हणून कॉलच्या वेळी घरातील एकाने शेजारी बसावे. मात्र त्यांचे उत्तर त्यांनाच देऊ द्यावे, वेळ लागला तरी.