वंशावळ आणि साक्ष : हेमिंग्ज घराण्याच्या निमित्ताने

थॉमस जेफर्सनने १८२१ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, आपले आत्मवृत्त लिहावयास घेतले, तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रारंभी कुळाची हकीकत दिली. वडिलांच्या घराण्यात अशी परंपरा होती की, मूळ पुरुष वेल्समधून, स्नोडन पर्वताच्या परिसरातून, अमेरिकेत आला. आईकडील रॅन्डॉल्फ घराण्याची वंशावळ इंग्लंड-स्कॉटलंडात फार मागे नेली जाते. तिच्यावर ज्याने त्याने हवा तितका विश्वास ठेवावा, असेही त्याने किंचित उपरोधाने नमूद केले. वेल्सची ही हकीकत म्हणजे घरात ऐकलेली गोष्ट होती. चरित्रकारांनी ती ‘परंपरा’ या नावाने आदरपूर्वक उद्धृत केली. ती केवळ तोंडी आहे, म्हणून सांगणारा खोटारडा आहे, असे कोणी म्हटले नाही.

बावन्न वर्षांनंतर, १८७३ मध्ये, ओहायो राज्यातील ‘पाइक काउंटी रिपब्लिकन’ या पत्रात एका अडुसष्ट वर्षांच्या सुताराने आपल्या कुळाची हकीकत सांगितली. त्याचे नाव मॅडिसन हेमिंग्ज. त्याची पणजी आफ्रिकेतून आणलेली गुलाम स्त्री होती, आजी एलिझाबेथ ही तिला हेमिंग्ज नावाच्या इंग्रज जहाज-कप्तानापासून झालेली मुलगी, आई सॅली ही एलिझाबेथला तिचा मालक जॉन वेल्स याच्यापासून झालेली मुलगी, आणि आपण व आपली भावंडे ही जेफर्सनची मुले, असे त्याने सांगितले. हीसुद्धा घरात ऐकलेलीच गोष्ट होती. मात्र तिला ‘परंपरा’ हे नाव मिळाले नाही. काही दिवसांतच त्याच परिसरातील प्रतिस्पर्धी पत्राने तिची टवाळी केली, आणि पुढे शंभरावर वर्षे बहुतेक मान्यवर चरित्रकारांनी तिला पुराव्याच्या पंक्तीतही बसू दिले नाही.

या दोन हकीकतींना लावलेल्या दोन मापांविषयी मला येथे लिहावयाचे आहे. एका थोर पुरुषाच्या खासगी आयुष्याची चर्चा करण्याचा हेतू नाही. परस्परविरोधी नोंदींतून एखाद्या कुळाचा माग काढताना कोणाच्या शब्दाला किती वजन द्यावे, हा वंशावळशास्त्राचा मूळ प्रश्न आहे, आणि वसाहतकालीन अमेरिकेत त्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी कायद्यानेच आधी देऊन ठेवले होते.

व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये असा कायदा केला की, अपत्याची स्थिती मातेच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रूढ कायद्यात कूळ पित्यावरून चाले. येथे गुलाम स्त्रीच्या बाबतीत ते उलटे केले गेले. परिणाम असा की मालकापासून झालेले मूलही मालकाची मालमत्ता ठरे, आणि पित्याचे नाव लिहिण्याची कोणावरही सक्ती उरत नसे. नोंदवहीतील ती रिकामी जागा कारकुनाच्या विस्मरणाने राहिलेली नाही. ती कायद्याने निर्माण केली होती. अशा ठिकाणी ‘कागदात नाव नाही, म्हणून संबंध नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्याने दार लावले त्यालाच आत कोण आहे असे विचारणे होय.

आता नोंदी पाहू. जॉन वेल्स १७७३ मध्ये वारला. त्याच वर्षी सॅली जन्मली. त्याच्या इस्टेटीच्या वाटणीत हेमिंग्ज कुटुंब त्याची कन्या मार्था व जावई जेफर्सन यांच्याकडे आले. मॅडिसनचे म्हणणे खरे असेल, तर मार्था आणि सॅली या सावत्र बहिणी ठरतात. मॉन्टिचेलो येथे गुलाम म्हणून राहिलेल्या आयझॅक ग्रेंजर याच्या आठवणी १८४७ मध्ये टिपून घेतल्या गेल्या. त्यातही ही मुले वेल्सचीच आहेत असे लोक म्हणत, असे येते. मार्था १७८२ मध्ये निवर्तली. जेफर्सन पॅरिसमध्ये राजदूत असता १७८७ मध्ये त्याच्या धाकट्या मुलीबरोबर सॅलीला तिकडे पाठविण्यात आले. वाटेत लंडनमध्ये अॅबिगेल अॅडम्सने तिला पाहिले आणि तिचे वय पंधरा-सोळा असल्याचे पत्रात लिहिले. प्रत्यक्षात ती चौदाच्या आसपास होती. डोळ्यांनी पाहून त्याच दिवसांत लिहिलेल्या पत्रातही अशी चूक होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जेफर्सनच्या शेतवहीत सॅलीच्या मुलांचे जन्म आढळतात. पित्याचा उल्लेख नाही. ही वही त्याच्या स्वतःच्या हातची, समकालीन आणि अस्सल आहे. म्हणून ती निर्णायक मानावी काय? तिच्यातच बेव्हर्ली व हॅरिएट ही दोन भावंडे १८२२ मध्ये पळून गेल्याची नोंद आहे. परंतु मॉन्टिचेलोचा देखरेख करणारा एडमंड बेकन याने पुढे सांगितले की, हॅरिएटला पन्नास डॉलर व प्रवासभाडे आपणच जेफर्सनच्या सांगण्यावरून दिले. मालक ज्याला खर्ची देऊन निरोप देतो, त्याला फरारी म्हणणे कठीण आहे. अस्सल वहीतील अस्सल नोंद येथे सत्य झाकते, आणि सत्याचा धागा नोकराच्या आठवणीत सापडतो. हाच बेकन सॅलीच्या मुलांचा बाप दुसराच कोणी होता असेही सांगतो. तेव्हा त्याचे एक वाक्य घ्यावे व दुसरे टाकावे असे सोयीने करून चालणार नाही. प्रत्येक वाक्य निराळे तपासले पाहिजे.

जनगणनेचे कागद आणखी बोधप्रद आहेत. १८३० च्या गणनेत सॅलीची नोंद गोऱ्या व्यक्तींमध्ये झाली. १८३३ च्या विशेष गणनेत तीच स्त्री मिश्रवर्णीय म्हणून नोंदली गेली. तीन वर्षांत कोणाचा वर्ण पालटत नाही. पालटला तो लिहिणारा आणि लिहिण्याचा हेतू. तिचा धाकटा मुलगा एस्टन १८५२ च्या सुमारास ओहायो सोडून विस्कॉन्सिनला गेला, जेफर्सन हे आडनाव घेऊन गोऱ्या समाजात मिसळला. मॅडिसन ओहायोतच कृष्णवर्णीय समाजात राहिला. एका आईची दोन मुले सरकारी दप्तरात दोन वंशांची झाली. १८७० च्या गणनेत मात्र एका गणकाने मॅडिसनच्या नावाशेजारी, हा थॉमस जेफर्सनचा पुत्र आहे, असे लिहून ठेवले. तो रकाना त्यासाठी नव्हता. तरीही त्याला ते लिहावेसे वाटले.

विरुद्ध बाजूची साक्ष जेफर्सनच्या नातवंडांची. नात एलेन कूलिज हिने १८५८ च्या पत्रात या मुलांचे पितृत्व जेफर्सनचा भाचा सॅम्युएल कार याच्याकडे दिले. तिचा भाऊ थॉमस जेफर्सन रॅन्डॉल्फ याने चरित्रकार हेन्री रँडॉलजवळ दुसऱ्या भाच्याचे, पीटर कारचे, नाव घेतले. सख्खी भावंडे, एकाच घरात वाढलेली. आणि दोघांची उत्तरे वेगळी. रँडॉलने १८६८ च्या पत्रात असेही लिहिले की, जेफर्सनशी विशेष साम्य असलेल्या मुलाच्या जन्माआधी पंधरा महिने जेफर्सन व सॅली परस्परांपासून दूर होते. जेफर्सनचा मुक्काम दिवसागणिक सांगता येतो, इतके त्याचे कागद विपुल आहेत. आणि ते पाहता सॅलीच्या प्रत्येक नोंदलेल्या अपत्याच्या जन्मापूर्वी नऊ महिने तो मॉन्टिचेलोतच होता. हे कागद इतिहासकारांच्या हाताशी होते. तरीही नातवंडांची विसंगत साक्ष ‘कुटुंबाची माहिती’ म्हणून स्वीकारली गेली आणि मॅडिसनची सुसंगत साक्ष ‘राजकीय अपप्रचार’ म्हणून बाजूला सारली गेली. १८०२ मध्ये जेम्स कॅलेन्डर या वैरभावी पत्रकाराने हा विषय प्रथम छापला होता, हे त्यासाठी निमित्त पुरले. हेतू वाईट असला म्हणून माहिती खोटी ठरत नाही, हा साधा नियम येथे विसरला गेला.

१९९७ मध्ये कायद्याच्या अभ्यासक अॅनेट गॉर्डन-रीड यांनी या साऱ्या साक्षींची उलटतपासणी केली. त्यांचे प्रतिपादन मुख्यतः पद्धतीविषयी होते : गुलामांच्या शब्दाला एक कसोटी व मालकांच्या शब्दाला दुसरी, असे का? जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. त्यांपैकी त्याने जिवंतपणी दोघांना व मृत्युपत्राने पाचजणांना रीतसर मुक्त केले, आणि ते सारे हेमिंग्ज कुळातले होते. सॅलीची हयात चारही मुले तारुण्यात स्वतंत्र झाली. पॅरिसहून परतताना आईला तसे वचन मिळाले होते, असे मॅडिसनने सांगितले होते. साक्ष आणि घटना यांचा असा मेळ दुर्लक्षिण्यासारखा नव्हता.

पुढच्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात गुणसूत्रांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एस्टनच्या पुरुषवंशातील एका वंशजाचे वाय-गुणसूत्र जेफर्सनच्या चुलत्याच्या पुरुषवंशाशी जुळले; कार घराण्याशी जुळले नाही. नातवंडांची दोन्ही उत्तरे एकदमच निकालात निघाली. येथे उत्साहाला आवर घालणे अवश्य आहे. ही चाचणी घराणे सांगते, व्यक्ती सांगत नाही. जेफर्सनच्या धाकट्या भावाचे नाव पुढे करणाऱ्यांनी नेमके याच फटीवर बोट ठेवले, आणि २००१ मध्ये अभ्यासकांच्या एका मंडळाने तसा अहवालही दिला. परंतु चाचणी एकटी उभी नाही. मुक्काम, मृत्युपत्र, मुक्तता आणि मॅडिसनची साक्ष तिच्यासोबत आहेत. या सर्वांचा एकत्र विचार करून मॉन्टिचेलोची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने २००० मध्ये, जेफर्सनच या मुलांचा पिता असण्याचा संभव मोठा आहे, असे मान्य केले, आणि २०१८ मध्ये तर हा विषय निकालात निघालेला इतिहास म्हणूनच मांडला. मलाही हाच निर्णय योग्य वाटतो. भावाचे नाव १९९८ पूर्वी कोणत्याही साक्षीदाराने गंभीरपणे पुढे केले नव्हते; कारचे नाव निरुपयोगी झाल्यावर ते सुचले, एवढ्यानेच त्याचे मोल कळते.

मौखिक परंपरेचा मात्र यातून सरसकट विजय झाला, असे समजू नये. पॅरिसमध्ये गर्भात असलेले मूल म्हणजे आपला मूळ पुरुष थॉमस वुडसन, अशी वुडसन कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दृढ समजूत होती. त्याच चाचणीत त्यांच्या वंशजांचा जेफर्सन घराण्याशी मेळ बसला नाही. मॅडिसनने ते पहिले मूल फार दिवस जगले नाही, असे सांगितले होते. म्हणजे दोन मौखिक साक्षी परस्परविरोधी होत्या आणि तपासात एक टिकली. वुडसन कुटुंबीयांच्या वाट्याला आलेले दुःख मी हलके मानीत नाही. पण दुर्बलांची साक्ष ऐकणे म्हणजे ती न तपासणे नव्हे. तपासण्याइतकी तिला योग्यता देणे होय.

मराठी वाचकाला ही चर्चा परकी वाटू नये. बखर की अस्सल पत्र, हा वाद आपल्याकडे १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रकाशित करण्यास प्रारंभ केल्यापासून चालत आला आहे, आणि अस्सल पत्राकडे कौल देण्याची शिस्त आपण त्यातून शिकलो. ती शिस्त मोलाची आहे. पण ज्यांना पत्र लिहिण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्याविषयी अस्सल पत्र काय सांगणार, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. मॅडिसन हेमिंग्जने आपली हकीकत छापली त्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. ओहायोतील त्या सुताराचे नाव फुल्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही. तथापि लिहिणाऱ्या वर्गाने लिहिलेला इतिहास पुरा नसतो, हे दोघांनीही एकाच वर्षी आपापल्या भाषेत सांगितले, याची नोंद आपण घ्यावयास हवी.

वंशावळ हा पुष्कळांना हौसेचा विषय वाटतो. पूर्वजांत एखादा सरदार निघावा, एवढीच अनेकांची अपेक्षा असते. मॉन्टिचेलोच्या टेकडीवरील कुटुंबाच्या दफनभूमीचा हक्क जेफर्सनच्या मार्थापासून झालेल्या वंशजांच्या मंडळाकडे आहे. त्या मंडळाने २००२ मध्ये हेमिंग्ज वंशजांना सभासद करून घेण्यास नकार दिला. जेथे नाव नोंदले जाते तेथेच माणसाला पुरण्याची जागा मिळते, असा त्याचा अर्थ झाला. म्हणून परस्परविरोधी कागद समोर आले की संशोधकाने प्रथम एवढे विचारावे : हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याला तो वाचता येत होता काय? मॅडिसन हेमिंग्जला अक्षरे शिकविली ती घरातल्या गोऱ्या मुलांनी, आर्जवे करून घेतल्यावर, असे तो सांगतो. तेवढ्या शिदोरीवर त्याने दिलेली वंशावळ मालकाच्या वहीपेक्षा अधिक खरी ठरली. ती मान्य होण्यास सव्वाशे वर्षे लागली, याचा दोष पुराव्याकडे जात नाही. तो वाचणाऱ्यांकडे जातो.