वकिलाचा गुन्हा आणि अशिलाला शिक्षा

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, बांधाचा कज्जा एकदा कोर्टात गेला की वकीलपत्रावर सही-अंगठा, मग फी, आणि पुढे तारखांमागून तारखा! मजुरी बुडवून गरीब अशील तालुक्यास जातो, तो कारकून सांगतो, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत." एखाद्या तारखेस साहेब फिरकतच नाहीत आणि दावा निकालात निघतो. निष्काळजीपणा वकिलाचा, जमीन मात्र कुणब्याची गेली! याला न्याय म्हणावे काय?

रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ सालच्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितले, की वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निर्दोष अशिलाला होऊ नये. पण दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत कितीजणांची?

दोषी वकिलासाठी १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स कायदा आहे. त्याच्या कलम ३५ प्रमाणे बार कौन्सिलाची शिस्त समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, किंवा त्याचे नाव कायमचे काढून टाकू शकते. कायदा चांगला, पण समितीत बसतात कोण? तिघेजण, आणि तिघेही वकीलच! सावकाराची वही सावकारांनीच तपासावी, तसलाच हा प्रकार. तक्रारीचा निकाल एका वर्षात लागावा असे कलम ३६-ब म्हणते. तरी २०२१ साली सुप्रीम कोर्टाला त्याची आठवण करून द्यावी लागली!

बियाणे खोटे निघाले तर दुकानदाराला ग्राहक आयोगापुढे खेचता येते. वकिलाला मात्र खेचता येत नाही. त्याची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये ठरविले. बार कौन्सिलाची वाट आहे, पण तीही भाऊबंदांच्या ओसरीवरून जाणारी!

सगळे वकील लबाड आहेत असे आमचे म्हणणे नाही. दावा हरला एवढ्यावरून वकील दोषीही ठरत नाही. पण फी घेऊन हजर न राहणे, अशिलाचा पैसा दडपणे, हे गुन्हेच आहेत. अशांना पाठीशी घातल्याने प्रामाणिक वकिलाचीच अब्रू जाते.

म्हणून शिस्त समितीत वकील नसलेला निदान एक माणूस बसलाच पाहिजे, ही मागणी गावोगाव झाली पाहिजे. तोवर आपण जागे राहू. दिलेल्या पैची पावती घ्यावी. प्रत्येक तारीख वहीत टिपावी. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून टिपवावी. फी बाकी आहे म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल ध्यानात ठेवावा. आणि अन्याय झाला तर मुंबईस, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलाकडे, लेखी तक्रार करावी. एका वर्षात निकाल न लागल्यास कायद्याप्रमाणे ते प्रकरण भारतीय बार कौन्सिलाकडे जाते, हेही तेथे ठणकावून सांगावे.

वकील आपला धनी नव्हे. आपण फी देऊन नेमलेला माणूस आहे. त्याला जाब विचारण्यास भ्यायचे कशाला?