खाडीची वाट अडवू नका

खाडीकाठच्या तिवरांकडे आपण मुंबईकर वर्षानुवर्षे चिखलातली झुडपे म्हणूनच पाहत आलो. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मिठी नदी घराघरांत शिरली, तेव्हा कुठे भराव टाकून बुजवलेल्या खाजणांची आठवण झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात कांदळवन कक्षही आला. हे सारे स्वागतार्हच आहे.

माझी धास्ती वेगळी आहे. आता कुऱ्हाडीची गरजच उरलेली नाही. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. बांध घालून भरतीचे पाणी अडवले, वर डेब्रिज टाकले, की झाडे उभ्या उभ्या वाळतात. मग ती जागा ‘पडीक’ ठरते. याउलट पाण्याला वाट मिळाली, तर भरतीबरोबर आलेले बी आपणहून रुजते.

म्हणूनच ‘तोडू त्याहून अधिक लावू’ या आश्वासनाने माझे समाधान होत नाही. रोपे विकत आणता येतील; भरती कुठून आणणार? कोळीवाड्यातल्या निवट्या नि चिंबोऱ्या याच चिखलावर पोसल्या जातात. त्या रविवारच्या ताटात हव्या असतील, तर खाडीची वाट मोकळी ठेवलीच पाहिजे.