सांबार गोड आहे? असू दे!

ऑफिसच्या कामाला चार दिवस बंगळूरला जाऊन आलेल्या मराठी आयटीवाल्याला सहज विचारा, "काय, खाण्याची मजा झाली की नाही?" उत्तरात तीन गोष्टी हमखास येतात. एक, सांबार गोड होतं. दोन, बसायला जागाच नव्हती, उभ्याने खावं लागलं. तीन, ते एक फेमस ठिकाण आहे ना, तिथे तासभर रांगेत थांबलो, डोसा बरा होता, पण 'एवढं काही नाही'.

मंडळी, या तिन्ही तक्रारींत बंगळूर कमी आणि पाहुणा जास्त दिसतो. आणि पाहुणे म्हणून आपण मराठी नोकरदार मंडळी अगदीच कच्चे आहोत, हे आज एकदा स्पष्ट लिहून टाकतो. राग येणाऱ्यांनी यावा.

आधी त्या रांगेचं बघू. कुठल्याही शहरात पाय ठेवण्याआधी आपण 'टॉप टेन' यादी उघडतो. बंगळूरची यादी पाठ झाली असेल एव्हाना: एमटीआर (१९२४), विद्यार्थी भवन (१९४३), ब्राह्मिन्स कॉफी बार (१९६५), झालंच तर सीटीआर. चांगली ठिकाणं आहेत, वाद नाही. पण ती कशामुळे चांगली झाली याचा विचार कोणी करतं का? विद्यार्थी भवन बसवनगुडीतल्या गांधी बाजारात निघालं ते आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी, नावातच आहे ते. शंकरपुरमच्या ब्राह्मिन्समध्ये पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, चहा-कॉफी. सांबार मिळतच नाही, फक्त चटणी! असा मेनू यादी बघून आलेल्या गर्दीसाठी कोणी ठरवत नाही. रोज सकाळी तीच माणसं येणार, त्यांना तेच हवं असणार, या भरवशावर तो टिकतो. म्हणजे या जागा मोठ्या केल्या त्या गल्लीतल्या रोजच्या गिऱ्हाईकाने. आणि आता शनिवारी सकाळी त्याच गिऱ्हाईकाला आपण रांगेत आपल्या मागे उभं करतो, डोशाचा फोटो काढतो, तीन तारे देतो आणि विमान पकडतो. तो बिचारा सत्तरीचा आजोबा दोन शनिवार वाट बघेल, तिसऱ्या शनिवारी घरीच चहा पिईल. सिस्टीम डिझाइनच्या भाषेत सांगायचं तर सगळा ट्रॅफिक चार सर्व्हरवर, आणि बाकीचे हजार सर्व्हर रिकामे. वर आपणच म्हणणार, लेटन्सी फार आहे.

हे बाकीचे हजार म्हणजे दर्शिनी. १९८३ साली जयनगरमध्ये 'कॅफे दर्शिनी' सुरू झालं, त्यामागे आर. प्रभाकर नावाच्या गृहस्थांची कल्पना होती. पुढे या पद्धतीची हॉटेलं इतकी निघाली की 'दर्शिनी' हे एका हॉटेलाचं नाव न राहता जातीवाचक शब्द झाला. पद्धत अशी: आधी गल्ल्यावर पैसे, हातात चिठ्ठी, ती काउंटरवर द्यायची, समोर उघड्यावर चाललेल्या भटारखान्यातून ताट येतं, ते घेऊन उंच टेबलाशी उभं राहायचं, खायचं, निघायचं. खुर्ची नाही, वेटर नाही, टिप नाही. आता गल्ल्यावर क्यूआर कोड आला, बाकी फारसं बदललेलं नाही.

उभ्याने खायला लागतं म्हणून नाक मुरडणाऱ्या इंजिनिअरांना यातलं इंजिनिअरिंग दिसू नये याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. खुर्ची काढली की माणूस दहा मिनिटांत मोकळा होतो. जागा लहान पुरते, भाडं आवाक्यात राहतं, माल सतत संपतो म्हणून इडली सतत ताजी, आणि म्हणून भाव सामान्य माणसाला परवडतो. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. खुर्ची परत ठेवा, पहिला बळी स्वस्त इडलीचा जाईल. आणि खुर्ची नसल्याचा आणखी एक परिणाम आहे, तो मला इडलीहून मोठा वाटतो. त्या उंच टेबलाशी रिक्षावाला, बँकेतल्या मॅडम, कॉलेजची पोरं आणि तुमच्यासारखा आयकार्ड लटकवलेला पाहुणा एकमेकांच्या कोपराला कोपर लावून उभे असतात. एसी हॉल वेगळा, फॅमिली रूम वेगळी अशी भानगडच नाही. आपल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तरी एवढी समानता आहे का, बघा आठवून.

आता सांबार. कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी सांबारात गूळ पडतो. त्यांची पद्धत आहे. आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्या, गुजराती डाळ गोड म्हणून हसणाऱ्या आणि श्रीखंड-पुरी हे जेवण आहे असं मानणाऱ्या लोकांनी यावर बोलू नये. खरा मुद्दा वेगळा आहे. आपल्या डोक्यात 'साउथ इंडियन' नावाचा एकच फोल्डर असतो आणि त्यात पुण्या-मुंबईच्या उडप्याकडे शिकलेली चव सेव्ह असते. ती चव अस्सल आणि बंगळूरची चव बिघडलेली, असा उफराटा न्याय! ज्या प्रदेशातून ही माणसं आपल्याकडे आली, त्याच राज्यात जाऊन आपण त्यांना सांबार कसं असतं ते सांगतो.

त्यापेक्षा तिथे शिकण्यासारखं किती आहे बघा. खारा भात मागवला की भात येत नाही, रव्याचा उपमा येतो. केसरी भात म्हणजे शिरा. दोन्ही एका ताटलीत शेजारी शेजारी हवे असतील तर 'चौ-चौ भात'. म्हणजे आपला उपमा आणि आपलाच शिरा, पण एकत्र ऑर्डर करायला नाव शोधलं कोणी? त्यांनी! मसाला डोशाच्या आत लावलेली लाल चटणी, आणि कॉफी एकच घेऊन दोघांत वाटायची असेल तर 'बाय-टू'. इतका साधा, कंजूषपणाची लाज न बाळगणारा शब्द पुण्यात जन्माला येऊ नये हे आपलं दुर्दैव. :)

आणि आता जो मुद्दा सगळ्यांना टोचणार आहे तो. भाषा.

पुण्यात-मुंबईत दुकानदार मराठीत बोलला नाही की आपल्या अंगाचा तिळपापड होतो. वीस वर्षं इथे राहून दोन वाक्यं येत नाहीत म्हणजे काय, असं आपण विचारतो, आणि बरोबरच विचारतो. तोच माणूस बंगळूरच्या दर्शिनीत गल्ल्यावर खणखणीत हिंदीत "भैया, दो इडली" म्हणतो आणि समोरचा कन्नडमध्ये उत्तरला की म्हणतो, "अॅटिट्यूड बघ याचा." चार दिवसांच्या पाहुण्याचं सोडा, तिथे सात-सात वर्षं राहिलेले, फ्लॅट घेतलेले मराठी लोक मला माहीत आहेत, ज्यांचं कन्नड 'गोत्तिल्ला'च्या पुढे गेलेलं नाही. म्हणजे 'माहीत नाही' हा एकच शब्द माहीत!

उडुपी-मंगळूरकडून आलेल्या ज्या शेट्टी मंडळींनी पुण्याला इडली-डोसा खायची सवय लावली, त्यांनी गल्ल्यावर बसून आपल्याशी मराठीत बोलायला शिकलं. धंद्यासाठी शिकले म्हणाल. असेल. पण आपण तर तिथे पगारासाठीच जातो ना? तो धंदा नाही का? 'ओंदु काफी कोडी' म्हणजे एक कॉफी द्या. 'एष्टु' म्हणजे किती. 'साकु' म्हणजे पुरे. जावाची नवी व्हर्जन आली की शनिवार-रविवार खर्च करून शिकणाऱ्यांना हे तीन शब्द जड जाऊ नयेत.

यावर नेहमीचा बचाव असा: "अरे बाबा, एक सकाळ मिळते हातात, ती अनोळखी हॉटेलवर का घालवू?" बरोबर उलटं आहे. एकच सकाळ आहे म्हणून तर ती व्हाइटफील्डहून बसवनगुडीपर्यंत टॅक्सीत आणि मग रांगेत घालवू नका. त्यातून शुक्रवार असेल तर विद्यार्थी भवनला सुट्टी असते, हेलपाटाच. आणि दुसरा बचाव, इंदिरानगरच्या काचेच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांचा: "तिथे शांत असतं." असेल की. पण तशीच काच, तीच गाणी आणि तोच कापुचिनो बाणेरलाही आहे. त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढायचं?

तेव्हा पुढच्या खेपेला एवढंच करा. यादी बंद करा. जिथे उतरला असाल तिथून चालत दहा मिनिटांत जी पहिली दर्शिनी लागेल, जिथे सकाळी सातला आसपासची माणसं गर्दी करून उभी असतील, तिथे जा. पुढच्याने काय मागितलं ते ऐका आणि तेच मागा. दुसऱ्या दिवशी तिथेच जा. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी गल्ल्यावरचा माणूस तुम्ही तोंड उघडायच्या आत 'काफी?' विचारेल. कोणत्याही टॉप टेनमध्ये ही सोय नाही.

आणि सांबार गोड लागलं तर चटणी घ्या. ती तिखट असते.