‘सहा’ लिहिण्याची हिंमत

गुप्तवार्तेच्या अहवालावर एक अक्षर आणि एक आकडा लिहायची जुनी पद्धत अनेक देशांच्या सैन्यांत आहे. अक्षर खबर देणाऱ्याबद्दल, ‘ए’ ते ‘एफ’. आकडा खबरीबद्दल, १ ते ६. ‘एक’ म्हणजे इतरांकडूनही खात्री झालेली. ‘सहा’ म्हणजे खरी की खोटी, ठरवता येत नाही. तरुण असताना ‘सहा’ लिहिणं मला कामचुकारपणा वाटायचा.

मग काश्मीरमधली एक पोस्टिंग आली. मी कंपनी कमांडर होतो. त्याच आठवड्यात आमचा एक जवान गेला होता. खबऱ्याने सांगितलं, गावातला चहावाला अतिरेक्यांना आसरा देतो. हवालदार म्हणाले, “साब, आदमी यही है।” खरं सांगतो, मलाही ते खरं असावं असंच वाटत होतं. तिथेच मी सावध झालो. खबऱ्याचं चहावाल्याशी जमिनीवरून भांडण होतं. पण भांडण आहे म्हणून खबर खोटी, असंही म्हणता येईना.

मी ‘सहा’ लिहिलं.

अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं ही नैतिक चूकच आहे, असं इंग्रज विचारवंत क्लिफर्डने १८७७ मध्ये मांडलं. १८९६ मध्ये अमेरिकेच्या विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं: काही निवडी पुराव्यासाठी थांबत नाहीत, आणि न ठरवणं हाही निर्णयच असतो. फौजी माणसाला जेम्स लगेच पटतो. आम्हाला थांबायला वेळ असतो कुठे?

पण माझ्या मते आपण इथे दोन गोष्टींची गल्लत करतो. कृती थांबवता येत नाही, मत थांबवता येतं. मी गस्तीच्या वेळा बदलल्या, पहारा वाढवला, जवानांचं त्या टपरीवर बसणं बंद केलं. यातल्या कशासाठीही त्या माणसाला दोषी मानायची गरज नव्हती. उद्या खबर खोटी ठरली असती तर हे सगळं मागे घेता आलं असतं. त्याला मध्यरात्री घरातून उचललं असतं, तर ते कसं मागे घेणार होतो?

माझी बदली होईपर्यंत काहीच सिद्ध झालं नाही. ना गुन्हा, ना निर्दोषपणा. ते हवालदार आता निवृत्त आहेत. दिवाळीला फोन करतात आणि शेवटी हमखास विचारतात, “साब, वही था ना?”

“पता नहीं,” मी म्हणतो. त्यांना ते आवडत नाही. मलाही नाही. पण माझ्याकडे तेवढंच खरं उत्तर आहे.